जाणून स्वीकारलेला धम्म
(इतर धर्मांच्या ग्रंथांचा अभ्यास आणि आपल्या श्रद्धेची निवड)

बौद्धांनी चालविलेल्या निवासी विद्यालयाच्या ग्रंथालयात त्रिपिटकाच्या भाषांतरांशेजारी गीता, बायबल, कुराण आणि गुरुग्रंथसाहिब यांची भाषांतरे असावीत काय? असल्यास ती केवळ कपाटाची शोभा म्हणून असावीत, की विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत? पालकांच्या बैठकीत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आणि विहारातील वंदनेनंतरच्या गप्पांत हा प्रश्न वारंवार निघतो. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांच्या धर्मग्रंथांचा जाच सोसला, त्या समाजाच्या मुलांनी तेच ग्रंथ पुन्हा का उघडावेत, असे त्यांना मनापासून वाटते. म्हणूनच या प्रश्नाला घाईने उत्तर देणे योग्य नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याचा थोडा विस्ताराने विचार करू इच्छितो.

आमचे मत आरंभीच नमूद करतो. इतर धर्मांचे ग्रंथ वाचल्याने धम्मावरील निष्ठा ढळत नाही. उलट जी निष्ठा तुलनेतून गेलेलीच नाही, तिला निष्ठा म्हणावे की सवय म्हणावे, हाच खरा प्रश्न आहे.

वारसा आणि निवड

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो स्त्री-पुरुषांनी धम्माचा स्वीकार केला. त्यांच्यापैकी प्रत्येकाने काहीतरी सोडले होते आणि काहीतरी घेतले होते. देव्हाऱ्यातील मूर्ती सोडणे, नवससायास सोडणे, गावकीची कामे नाकारणे, या प्रत्येक गोष्टीची त्यांना किंमत मोजावी लागली. त्यांच्यातील अनेकांना अक्षरओळखही नव्हती. परंतु आपण काय सोडले आणि का सोडले हे त्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते.

आज आपल्या शाळेत येणारे मूल त्या पिढीचे नातवंड किंवा पणतवंड आहे. त्याने काहीही सोडलेले नाही. त्रिशरण-पंचशील त्याला पाळण्यात ऐकू आले. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर त्याने घराच्या भिंतीवर जन्मापासून पाहिली. हे भाग्यच होय; पण या भाग्याबरोबर एक धोकाही येतो. जन्माने मिळालेली गोष्ट माणूस सहसा तपासत नाही. ज्या धम्माने जन्मावर आधारलेल्या श्रेष्ठत्वाला नकार दिला, तोच धम्म आपल्या घरांत केवळ जन्माने मिळणारी ओळख होऊन बसला, तर त्याहून मोठा विपर्यास कोणता? शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असे लिहिले जाते. त्या शब्दाचा अर्थ मात्र दाखला लिहिणारा कारकून भरू शकत नाही. तो विद्यार्थ्यालाच भरावा लागतो.

एकवीस वर्षे आणि एक दिवस

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. प्रत्यक्ष धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. या दोन तारखांमध्ये २१ वर्षे आणि १ दिवसाचे अंतर आहे. ज्यांच्या एका शब्दासरशी लाखो लोक चालू लागले असते, त्यांनी एवढा काळ का घेतला? त्यामागे राजकीय आणि सामाजिक कारणे होतीच. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने पाहता हा काळ म्हणजे एका अत्यंत प्रदीर्घ तौलनिक वाचनाचा काळ होता.

या वाचनाची बीजे बालपणीच पडली होती. वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी. ते मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये आणि हीन स्थितीतूनही माणूस वर येऊ शकतो हे त्यांना कळावे, असा त्यांचा हेतू होता. भीमरावांनी ते ग्रंथ वाचले. पण त्यांतील अनेक पात्रांचे वर्तन त्यांना पटले नाही आणि तसे त्यांनी वडिलांना सांगितलेही. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्काराच्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे. बुद्धाकडे आपण कोऱ्या मनाने गेलो नाही, आपल्यापाशी आधीच्या वाचनाची पार्श्वभूमी होती आणि त्यामुळे बौद्ध साहित्य वाचताना पदोपदी तुलना करता आली, असा त्या कथनाचा आशय आहे. आम्हांस हा संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. तुलनेसाठी दुसरी बाजू ठाऊक असावी लागते.

शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. अस्पृश्यतेमुळे ती अपुरी राहिली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृताचा परिचय करून घेतला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, आपण संस्कृतावर प्रभुत्वाचा दावा करीत नाही असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र पंधरा वर्षे भाषांतरांच्या आधारे केलेला अभ्यास या विषयावर लिहिण्यास पुरेसा आहे, असेही ठामपणे सांगितले. ज्याला एखाद्या ग्रंथाच्या दारातच अडविले होते, त्याने तो ग्रंथ आतून वाचून त्याविषयी निवाडा दिला. न वाचता दिलेला नकार आणि वाचून दिलेला नकार यांत किती अंतर असते, हे येथे स्पष्ट होते.

इतर धर्मांच्या बाबतीतही त्यांनी ऐकीव गोष्टींवर विसंबून निर्णय घेतला नाही. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसर येथील शीख परिषदेस उपस्थित राहिले. पुढे शीख धर्माच्या अभ्यासासाठी त्यांनी आपले काही अनुयायीही तेथे पाठविले. मुंबईतील खालसा महाविद्यालय १९३७ साली उभे राहिले, त्याच्या स्थापनेशीही त्या काळातील या संबंधांचा धागा जोडलेला आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या अस्पृश्यांच्या स्थितीचा त्यांनी स्वतंत्र अभ्यास केला. त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्याविषयीची प्रकरणे आहेत. चर्चमध्ये गेल्यावर जात गेली काय, हा त्यांचा तेथील मुख्य प्रश्न आहे. म्हणजे ग्रंथात समता लिहिली आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. ती समता त्या धर्माच्या वस्तीत उतरली आहे काय, हेही त्यांनी पाहिले. मार्क्सचा विचार हा काही धर्म नव्हे; तरीही माणसाच्या दुःखावर उत्तर देणारा प्रतिस्पर्धी म्हणून त्यांनी त्याचीही बुद्धविचाराशी तुलना केली.

३१ मे १९३६ रोजी मुंबईत महार परिषदेपुढे त्यांनी केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात धर्मांतर का करावे याची सविस्तर मीमांसा आहे. पण कोणता धर्म घ्यावा हे त्यांनी त्या वेळी जाहीर केले नाही. भाषणाचा शेवट मात्र महापरिनिब्बाणाच्या वेळी तथागतांनी आनंदाला केलेल्या उपदेशाची आठवण देऊन केला. स्वतःच स्वतःचा आधार व्हा, हा त्याचा भाव. निवड अजून व्हायची होती. निवड कशी करावी हे सूत्र मात्र त्यांनी समाजाच्या हाती आधीच ठेवले होते.

तुलनेची कसोटी

नुसते पुष्कळ वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. दहा ग्रंथ वाचूनही मापाचा दंड हाती नसेल, तर वाचक गोंधळतो. बाबासाहेबांनी तो दंड स्पष्टपणे मांडला. १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण या चार महापुरुषांची त्यांनी तुलना केली आहे. कोणी स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले, कोणी प्रेषित, कोणी साक्षात ईश्वर. बुद्धाने मात्र मार्ग दाखविणारा एवढीच भूमिका घेतली, हा त्या तुलनेतील महत्त्वाचा मुद्दा होय.

लेखाच्या अखेरीस त्यांनी धर्मासाठी चार कसोट्या सांगितल्या. समाज टिकण्यासाठी नीतीचे बंधन आवश्यक असते आणि धर्म हा त्या नीतीचा आधार असला पाहिजे, ही पहिली. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, ही दुसरी. त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये मान्य केली पाहिजेत, ही तिसरी. आणि त्याने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, ही चौथी.

या चारही कसोट्या कोणत्याही एका धर्माच्या ग्रंथातून उचललेल्या नाहीत. त्या सर्व धर्मांना सारख्याच लागू होतात, बौद्ध धर्मालाही. तराजू आपल्या दुकानाचा आणि माल दुसऱ्याचा असे येथे नाही. म्हणूनच त्यांचा निष्कर्ष अभ्यासकाचा निष्कर्ष ठरतो. विद्यार्थ्यांनी ‘बाबासाहेबांनी बौद्ध धम्म निवडला’ एवढेच पाठ केले, तर त्यांना उत्तर मिळते. उत्तराची रीत मिळत नाही. गणिताच्या वहीत नुसते उत्तर लिहिणाऱ्यास शिक्षक पूर्ण गुण देत नाहीत, हे येथे आठवावे.

बुद्धवचनातील आधार

ही दृष्टी बाबासाहेबांनी बाहेरून आणलेली नव्हती. ती बुद्धाच्या शासनातच आहे. स्वतः सिद्धार्थ गौतम गृहत्यागानंतर आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे गेले, त्यांचे शिक्षण त्यांनी पूर्ण आत्मसात केले आणि त्याची मर्यादा दिसल्यावर ते पुढे निघाले. दुसऱ्यांचे मत न शिकताच त्यांनी ते त्यागले नाही.

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त बहुतेकांना नावाने तरी ठाऊक असते. केसपुत्त गावच्या कालामांची तक्रार अशी होती की, येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत उचलून धरतो आणि इतरांच्या मताची निंदा करतो. मग खरे कोणाचे मानावे? बुद्धाने त्यांच्या संशयाला दोष दिला नाही; अशा स्थितीत संशय येणे उचितच आहे असे म्हटले. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट मानू नये, असे त्यांनी सांगितले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या यादीत ‘ग्रंथ’ आणि ‘आपला गुरू’ हे दोन्ही आहेत. म्हणजे हा नियम बौद्ध ग्रंथांना आणि बौद्ध आचार्यांनाही लागू आहे. मात्र कालाम सुत्ताचा अर्थ ‘मनाला येईल ते माना’ असा काढणे चुकीचे होय. लोभ, द्वेष आणि मोह यांमुळे आपले हित होते की अहित, हे बुद्धाने कालामांना विचारले आणि अनुभवाने पारखण्यास सांगितले. तपासणीचे स्वातंत्र्य आणि तपासणीची शिस्त या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आहेत.

मज्झिम निकायातील वीमंसक सुत्त त्याही पुढे जाते. खुद्द तथागताच्या आचरणाची शिष्याने दीर्घकाळ पारख करावी, त्यानंतरच श्रद्धा ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. आपली परीक्षा घ्या असे शिष्यांना सांगणारा शास्ता धर्माच्या इतिहासात दुर्मीळच म्हटला पाहिजे.

त्याच निकायातील उपाली सुत्त तर आपल्या विषयाला थेट भिडते. उपाली हा नालंदा येथील धनाढ्य गृहस्थ आणि निगंठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीरांचा, उपासक. कायिक, वाचिक आणि मानसिक कर्मांपैकी कोणते अधिक गंभीर, या प्रश्नावर बुद्धाशी वाद करण्यास तो आला आणि चर्चेअंती बुद्धाचे म्हणणे त्याला पटले. त्याने उपासक होण्याची इच्छा प्रकट केली. तेव्हा बुद्धाने त्याला सावकाश, पूर्ण विचार करून निर्णय घेण्यास सांगितले. उपालीला याचे नवल वाटले. दुसऱ्या कोणा पंथाला आपल्यासारखा उपासक लाभला असता, तर त्यांनी नालंदाभर पताका मिरवली असती, असे तो म्हणाला. बुद्धाने आणखी एक गोष्ट सांगितली. तुझ्या दारी आजवर निगंठ साधूंना भिक्षा मिळत आली आहे, ती यापुढेही मिळत राहावी, असा त्यांचा उपदेश होता. विचार बदलला तरी सौजन्य बदलू नये, हा त्याचा अर्थ.

सम्राट अशोकाने हाच धडा दगडावर कोरून ठेवला. गिरनारसह अनेक ठिकाणी आढळणारा त्याचा बारावा शिलालेख सर्व पंथीयांना उद्देशून आहे. वाणीचा संयम पाळावा, विनाकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, एकमेकांचा धर्म ऐकून बहुश्रुत व्हावे, असा त्याचा आशय आहे. जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो, ही अशोकाची सूचना आजच्या काळात अधिकच मोलाची वाटते. पुढे सातव्या शतकात युवान श्वांग ज्या नालंदा महाविहारात शिकला, तेथे बौद्ध शास्त्रांबरोबर वेद, सांख्य, व्याकरण, हेतुविद्या आणि वैद्यक यांचाही अभ्यास होत असे. बौद्धांची सर्वांत विख्यात निवासी शिक्षणसंस्था अशी होती. आपण चालवितो त्या संस्थेचे हे दूरचे पूर्वज.

महाराष्ट्रातील तीन वाटा

आपल्या महाराष्ट्रानेही या विषयात मोलाची भर घातली आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासह ज्यांना गुरू मानले, त्या महात्मा जोतीराव फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका अपूर्व कुटुंबाची कल्पना मांडली आहे. घरातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ अभ्यासून बौद्ध व्हावे, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा आणि तरीही सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका घरात नांदावे. या कल्पनेत प्रत्येकाची निवड वाचनानंतरची आहे, हे विशेष. स्त्रीची निवड तिच्या नवऱ्याच्या निवडीवर अवलंबून नाही, हे त्याहून विशेष.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांना संस्कृताचे शिक्षण मिळाले. शास्त्राधारांचा त्यांचा व्यासंग एवढा की, १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना गौरविले. धर्मशास्त्रांत स्त्रीविषयी काय लिहिले आहे, हे त्यांनी मुळातून वाचले आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथेही त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही. पुढे केडगाव येथे राहून सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. त्यांची निवड आपल्या निवडीहून निराळी आहे. तरीही निवडीमागील परिश्रमाचा आपण आदर केला पाहिजे.

तिसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या माणसाच्या मनात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्राने बुद्धाची ओढ निर्माण केली. १८९९ साली त्यांनी घर सोडले. काशीस राहून ते आधी संस्कृत शिकले, मग सिंहलद्वीपात जाऊन १९०२ साली श्रामणेर झाले आणि पाली भाषेत पारंगत होऊन परतले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. ‘भगवान बुद्ध’ लिहिणाऱ्या याच अभ्यासकाने ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ही लिहिला. जैन परंपरेचा विचार न करता बुद्धाचा काळ समजणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

या तिघांच्या वाटा वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचल्या. पण त्यांपैकी कोणीही ग्रंथ न उघडता निकाल दिला नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप बावीस प्रतिज्ञांचा. देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्यांनी त्यांचे ग्रंथ वाचावेत काय? वाचन म्हणजे उपासना नव्हे, हे उत्तर पुरेसे आहे. शिवाय विहारात ज्या ग्रंथाचे आपण वर्षावासात वाचन करतो, त्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात वैदिक ऋषी, कपिल, ब्राह्मणग्रंथ आणि उपनिषदे यांच्या विचारांची चिकित्सा आहे. ज्यांनी प्रतिज्ञा दिल्या, त्यांनीच हा ग्रंथ दिला.

दुसरा आक्षेप वयाचा. कोवळ्या मुलांचा गोंधळ उडेल, अशी भीती पालकांना वाटते आणि ती अनाठायी नाही. म्हणून क्रम ठेवावा लागतो. लहान वर्गांत महापुरुषांची चरित्रे आणि सर्व धर्मांतील नीतिकथा पुरेशा आहेत. आठवीपासून निवडक उतारे, शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली. तुलना, वाद आणि निबंध ही महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांची कामे. येथे घटनेचे भानही हवे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाही विद्यार्थ्यास, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येत नाही. आमच्या सूचनेतील अभ्यास हा उपदेश नाही. तरीही पालकांशी आधी बोलून, त्यांच्या संमतीनेच तो करावा, हे संविधानाच्या भावनेला धरून होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. अभ्यास करून एखाद्या विद्यार्थ्याने दुसराच धर्म निवडला तर? किंवा कोणताच नको म्हटले तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही. निवडीचे स्वातंत्र्य देतो असे म्हणायचे आणि निवड आपल्या मनासारखी झाली तरच ती मान्य करायची, हे स्वातंत्र्य नव्हे. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला दिले आहे. आणि ज्या धर्मात आपण जन्मलो त्यातच मरण्याचे बंधन नाकारूनच आपण येथवर आलो आहोत. असा विद्यार्थी आपल्या शाळेचाच राहील आणि आपल्या घराचाच राहील. फुल्यांच्या कल्पनेतील घर हे त्याचे उत्तर आहे. उपालीच्या दारातील भिक्षा हेही त्याचेच उत्तर आहे. आमचा विश्वास मात्र असा की, निकोप तुलनेत धम्माला भिण्याचे कारण नाही. ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि पाहा, असे ज्याचे वर्णन आहे, त्याच्या अनुयायांनी मुलांचे डोळे झाकावेत, हे शोभणारे नाही.

अभ्यास कसा करावा?

विद्यार्थ्यांसाठी आणि घरी मुलांसोबत वाचू इच्छिणाऱ्या पालकांसाठी काही सूचना येथे देतो.

एक. ग्रंथाविषयी ऐकण्याआधी ग्रंथ वाचावा. मूळ भाषा येत नसेल तर भाषांतर घ्यावे आणि शक्य असल्यास त्या धर्माच्या अनुयायाने केलेले घ्यावे. विनोबांची ‘गीताई’, रमाबाईंचे बायबल अशी मराठी साधने उपलब्ध आहेत. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हा विषय मराठी वाचकांपुढे ठेवला. गुरुग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि कबीर व रविदासांची वाणीही आहे, हे कळल्यावर तो ग्रंथ मराठी मुलाला परका वाटणार नाही.

दोन. ग्रंथ, भाष्य आणि आचरण या तीन गोष्टी वहीत वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. ग्रंथातील वचन एक असते, नंतरच्या आचार्यांचा अर्थ दुसरा असतो आणि गल्लीतील व्यवहार तिसराच असतो. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारू नये, एकाचे श्रेय दुसऱ्याला देऊ नये.

तीन. त्यांच्या उत्तम भागाची तुलना आपल्या उत्तम भागाशी करावी. त्यांचे अंधश्रद्ध लोक आणि आपले तत्त्वज्ञ अशी तुलना करणे हे अभ्यासकाचे लक्षण नव्हे.

चार. प्रत्येक ग्रंथाला तेच प्रश्न विचारावेत. माणसामाणसांत भेद करतो काय? स्त्रीला कोणते स्थान देतो? प्रश्न विचारण्यास मुभा देतो काय? गरिबीविषयी काय सांगतो? आणि हेच प्रश्न मग आपल्या ग्रंथांना व आपल्या वस्तीलाही विचारावेत. पोटजातींचा भेद आपल्यात उरला आहे काय? लग्नपत्रिकेत पंचशील आणि लग्नात हुंडा असे घडते काय? तिसरा रकाना आपल्यालाही चुकत नाही.

पाच. आपल्या शाळेजवळच्या मशिदीत, चर्चमध्ये, गुरुद्वारात, मंदिरात जाणत्या व्यक्ती असतात. त्यांना सन्मानाने बोलवावे, त्यांचे म्हणणे मध्ये न थांबविता ऐकावे आणि मग प्रश्न विचारावेत. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या आरंभी नागसेनाने अट घातली होती की, चर्चा राजांच्या रीतीने नको, पंडितांच्या रीतीने हवी. कारण पंडित एकमेकांचे म्हणणे खोडतात, पण रागावत नाहीत. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ हे नाव दिले. प्रश्न विचारणाऱ्या परक्या राजाचे नाव बौद्धांच्या शिक्षणसंस्थेला मिळावे, यातच पुष्कळ काही आले.

समारोप

२१ वर्षांचे वाचन प्रत्येकाला शक्य नाही, आवश्यकही नाही. बाबासाहेबांनी ते आपल्या सर्वांसाठी केले. परंतु त्यांनी काढलेले उत्तर आपल्याकडे आहे म्हणून आपण पुस्तकच मिटून ठेवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. शाळेतील आठ-दहा वर्षांत आपल्या मुलांना त्या वाचनाची निदान ओळख व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, ग्रंथालयासाठी भेट द्यायची झाल्यास बौद्ध साहित्यासोबत इतर धर्मांच्या एखाद्या चांगल्या मराठी भाषांतराचाही विचार करावा. पालकांना विनंती आहे की, मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नये. भीमरावांनी रामायणाविषयी प्रश्न विचारला, तेव्हा रामजींनी त्याला उत्तर दिले होते.

वाचून, तोलून, विचारून जो विद्यार्थी एके दिवशी स्वतःच्या मुखाने ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणेल, त्याच्या उच्चाराला दीक्षाभूमीवरील आजोबांच्या उच्चाराचे वजन येईल. त्यांनी सोसून निवडले होते. त्याने समजून निवडलेले असेल.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!